जुनी गाडी की नवी? कार्ब्युरेटरपासून बीएस-६ पर्यंत, नटबोल्टांच्या पातळीवर

टॅपेट_गुरुजी (धागालेखक)

"आता पूर्वीसारख्या गाड्या राहिल्या नाहीत" हे वाक्य दर दुसऱ्या धाग्यावर येतं आणि खाली लगेच 'रणगाडे' विरुद्ध 'पत्र्याचे डबे' असा शिमगा सुरू होतो. म्हणून हा वेगळा धागा. इथे आठवणी नकोत. कुठला भाग, का बिघडतो, काय करायचं, एवढंच लिहा.

आधी माझं मत सांगतो, मग हाणा हवं तेवढं. 'जुनी गाडी' ही एक वस्तू नाही. आपल्याकडे सरळ तीन पिढ्या आहेत. पहिली कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) आणि सीबी पॉइंटची (ठिणगीसाठी उघडमिट करणारा संपर्क): अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, सुरुवातीची मारुती ८००. दुसरी साधारण २००० ते २०१२ ची: एमपीएफआय इंजिन (कॉम्प्युटर प्रत्येक सिलिंडरला मोजून पेट्रोल फवारतो), टर्बो नाही, कॉम्प्युटर एक-दोनच. तिसरी त्यानंतरची, आणि तिचं टोक म्हणजे १ एप्रिल २०२० पासूनची बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाच्या नियमांचा सहावा टप्पा). लोक पहिल्या पिढीच्या नावाने गळा काढतात, पण त्यांना खरं तर दुसरी पिढी हवी असते.

पहिल्या पिढीचं काम काय होतं ते आठवा. दर पाच हजार किलोमीटरला डिस्ट्रिब्युटरची कॅप काढा. पॉइंट पूर्ण उघडतील असं इंजिन हाताने फिरवा, म्हणजे रबिंग ब्लॉक कॅमच्या टोकावर येईल. फीलर गेजने गॅप ०.४ ते ०.५ मिमी. गेज घालताना अडकू नये आणि ढिलाही जाऊ नये, हलका ओढा लागला पाहिजे. पॉइंटवर एका बाजूला टेकाड आणि दुसऱ्या बाजूला खड्डा दिसला तर पॉलिश पेपर मारून उपयोग नाही, कंडेन्सर बदला. रबिंग ब्लॉक झिजला की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग आपोआप मागे पडतं. गाडी पिकअप घेत नाही, तापते, अ‍ॅव्हरेज पडतं. म्हणून गॅप आधी आणि टायमिंग नंतर. उलट केलं तर गॅप लावताना टायमिंग परत हलतं, आणि अर्ध्या गॅरेजांत उलटंच चालायचं.

त्यातच टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हला ढकलणारा भाग; त्यात ठरलेली फट ठेवावी लागते. ढिला टॅपेट ओरडतो, घट्ट टॅपेट गप्प बसून व्हॉल्व्ह जाळतो. गिऱ्हाईक आवाजाची तक्रार घेऊन येतं, मिस्त्री टॅपेट कसून देतो, गिऱ्हाईक खूश. मग वर्षभरात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट जळून एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलेलं असतं.

एमपीएफआय आलं आणि हे बहुतेक सगळं संपलं. पॉइंट नाही, चोक नाही, पायलट स्क्रू नाही. पेट्रोल किती आणि ठिणगी कधी, हे ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठरवतो आणि ऑक्सिजन सेन्सर त्याला चूक दाखवत राहतो. तरीही बाकीची गाडी हाताने उघडता येण्यासारखी राहिली. एमपीएफआय आल्यानंतरची पहिली झेन, एस्टीम, २००० नंतरची ८००, होंडा सिटीचं १.५: यांत इंजिनभोवती हात जातो, दहा-बारा-चौदाच्या पान्यांत अर्धी गाडी सुटते, आणि सेन्सर सात-आठच.

तिसऱ्या पिढीत इंजिन वाईट झालेलं नाही. इंजिनाच्या आजूबाजूचं महाग झालं आहे. पूर्वी व्हील बेअरिंग वाजलं की टेपर रोलर बदलून ग्रीस भरायचं आणि नट कसून प्ले लावायचा. आता हबसकट युनिट येतं. हेडलॅम्पचा ६०/५५ वॅटचा एच-४ बल्ब काहीशे रुपयांत मिळतो. एलईडी दिव्यातली एक पट्टी गेली तर बहुतेक गाड्यांत अख्खा दिवा बदला म्हणतात. माझी तक्रार आहे ती या 'असेंब्ली' संस्कृतीबद्दल.

---

काळा_धूर_बंद

मुद्दा बराचसा पटला, पण "इंजिन वाईट झालेलं नाही" हे पेट्रोलला लागू आहे. बीएस-६ डिझेल घेऊन रोज चार किलोमीटरवर ऑफिसला जाणार असाल तर ते इंजिन तुमच्यासाठी वाईटच आहे. दोष इंजिनाचा नाही, वापराचा.

डीपीएफमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधल्या फिल्टरमध्ये, काजळी साठते. ती जाळायला एक्झॉस्ट ५५० ते ६५० अंशांपर्यंत तापावा लागतो. हायवेला एकसारख्या वेगात बरंचसं काम होऊन जातं. शहरात ईसीयू स्वतः जाळायला घेतो: पॉवर स्ट्रोकनंतर थोडं जास्तीचं डिझेल सोडतो, ते पुढे कॅटॅलिस्टमध्ये जळतं आणि फिल्टर तापतो. याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. नेमकी तेवढ्यात तुम्ही सोसायटीत गाडी लावून चावी काढता. दुसऱ्या दिवशी तेच. अर्धवट राहिलेल्या प्रत्येक वेळी थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं.

म्हणून बीएस-६ डिझेलवाल्यांनी डिपस्टिक बघताना ऑइल *वाढलंय का* हेही बघायचं. वरच्या खुणेच्या वर गेलं आणि डिझेलचा वास आला तर किलोमीटर मोजत बसू नका, ऑइल बदला. पातळ ऑइलवर टर्बोची बेअरिंग टिकत नाहीत. फारच वर गेलं तर इंजिन ते ब्रीदरमधून ओढून त्यावरच पळू लागतं, मग चावी काढूनही बंद होत नाही.

काजळी जाळणं (रिजनरेशन) चालू आहे हे ओळखायच्या खुणा: आयडल नेहमीपेक्षा शे-दोनशे आरपीएम वर, तात्कालिक अ‍ॅव्हरेज अचानक निम्म्यावर, स्टार्ट-स्टॉप (गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय) काम करत नाही, थांबल्यावरही पंखा जोरात आणि गरम धातूचा वास. यातलं काही दिसलं की गाडी बंद करू नका. मोकळा रस्ता गाठा, एक गिअर खाली ठेवून दोन-अडीच हजार आरपीएमवर वीस मिनिटं चालवा. वाळलेल्या गवतावर उभी करू नका, खालचा पाइप प्रचंड तापलेला असतो.

ऑइल फक्त लो-अ‍ॅशचं, मॅन्युअलमध्ये एसीईए (ऑइलचं युरोपियन मानक) सी२ किंवा सी३ असं काय लिहिलं असेल तेच. काजळी जळते, पण ऑइलमधल्या अ‍ॅडिटिव्हची राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते आणि मग फिल्टर उतरवून धुण्याशिवाय इलाज नाही. "आमच्या जुन्या जीपला पंधरा-चाळीस ग्रेडचं ऑइल घालतो, तेच घाला" असं सांगणाऱ्याच्या हाती बीएस-६ डिझेल देऊ नका.

---

चोक_ओढा

गुरुजी, पहिल्या पिढीची बाजू मांडायला कुणीतरी पाहिजेच.

पद्मिनीत सगळं डोळ्यांना दिसतं. १०८९ सीसी, मेकॅनिकल पेट्रोल पंप, एक सोलेक्स कार्ब्युरेटर. गाडी बंद पडली तर प्रश्न दोनच: ठिणगी आहे का, पेट्रोल आहे का. प्लग काढून ब्लॉकला टेकवा, सेल्फ मारा, निळी ठिणगी दिसली तर पेट्रोलकडे या. पंपाचा आउटलेट पाइप काढून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. पिचकाऱ्या आल्या पाहिजेत. नुसतं ठिबकलं तर पंपाचा डायफ्रॅम किंवा टाकीतली जाळी. पाच मिनिटांत निदान. मुंबईत या गाड्या टॅक्सी म्हणून वीस वर्षांची मर्यादा संपेपर्यंत, ऑक्टोबर २०२३ पर्यंत, धावल्या त्या याच जोरावर.

आता खरी अडचण. कार्ब्युरेटरवाल्यांचा आजचा शत्रू नवी गाडी नाही, ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. दोन वेगळे प्रश्न आहेत, लोक त्यांची खिचडी करतात.

पहिला रबराचा. जुने नायट्राइल पाइप, पंपाचा डायफ्रॅम, नीडल व्हॉल्व्हचं टोक, अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा वॉशर हे इथेनॉलने फुगतात, मग वाळल्यावर तडकतात. इंजिन बेमधला सगळा पेट्रोल पाइप बदला. साधा जे३०-आर६ नको, जे३०-आर९ किंवा व्हायटॉन अस्तराचा घ्या, पाइपवर छापलेलं वाचून. पाइप फुटून गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पेट्रोल पडलं तर गाडी गेली. हे काम आज करा, अ‍ॅव्हरेजच्या गप्पा उद्या.

दुसरा मिश्रणाचा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे १४.७ भाग लागतात, ई-२० ला साधारण १३.५. म्हणजे त्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. ईसीयू ते देतो, कार्ब्युरेटरला कळत नाही, गाडी लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालते: थंडीत खोकते, मध्येच खड्डा घेते, चढावर तापते. सोलेक्सचा जेट नंबर म्हणजे भोकाचा व्यास शंभरांश मिलिमीटरमध्ये. समजा तुमचा मेन जेट ११० आहे, तर ११५ घातल्यावर क्षेत्रफळ नऊ टक्क्यांनी वाढतं. बरोबर तेवढंच हवंय. पण आंधळेपणाने बदलू नका. बरेच कार्ब्युरेटर आधीच रिच (पेट्रोल जास्त) लावलेले असतात. भर वेगात क्लच दाबून इंजिन बंद करा, गाडी बाजूला घ्या, प्लग काढून बघा. पांढरा पडला असेल तर जेट वाढवा. चहाच्या रंगाचा असेल तर गप्प बसा. आणि भोक तारेने मोठं करणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका. नवा जेट घ्या, जुना डबीत जपून ठेवा.

गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर टाकीकडून पंपात येणारा पाइप काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे फ्लोट चेंबर रिकामा होतो. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी खाली बसतं आणि जस्ताच्या चेंबरमध्ये पांढरी भुकटी तयार होते. ती भुकटीच नंतर पायलट जेटमध्ये जाऊन बसते.

---

मृण्मयी_पुणे

वाचनखूण साठवली! एक साधा प्रश्न, नवशिक्यांचा समजा. वापर शहरातच, वर्षाला पाच-सहा हजार किमी, दिवाळी-गणपतीला कोकण. डिझेल नको हे कळलं. मग नवी बीएस-६ पेट्रोल घ्यावी की गुरुजी म्हणतात ती दुसऱ्या पिढीतली, दहा-पंधरा वर्षं जुनी? आणि जुनी घेतली तर तपासायची कशी? शोरूमवाले आणि एजंट दोघंही फक्त एसी लावून दाखवतात.

---

टॅपेट_गुरुजी

मृण्मयी, एजंटने इंजिन आधीच गरम करून ठेवलं असेल तर तिथूनच परत फिरा. थंड इंजिन स्वतः चालू करायचं, ही पहिली अट.

थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. हिरवं, निळं किंवा गुलाबी कूलंट हवं. तपकिरी पाणी दिसलं तर त्या गाडीला वर्षानुवर्षं नळाचं पाणी पाजलंय. जुन्या झेनचं जी१०बी इंजिन पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं आहे. नळाच्या पाण्याने आतून खातं आणि एकदा तापलं की हेड वाकतं. वर तेलाचा तवंग किंवा चालू इंजिनात सतत बुडबुडे असतील तर हेड गॅस्केट.

मग कॉम्प्रेशन. मिस्त्रीला पैसे देऊन करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. इंजिन गरम, *सगळे* प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढलेले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, पाच-सहा फेरे सेल्फ. अशा इंजिनात दीडशे ते एकशे ऐंशी पीएसआयच्या आसपास आकडा मिळतो, पण त्याहून महत्त्वाचा आहे सिलिंडरांमधला फरक. दहा-पंधरा टक्क्यांच्या आत हवा. एक सिलिंडर कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. आकडा चढला तर रिंग गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह. सीएनजीवर चाललेल्या गाडीत बहुतेक वेळा व्हॉल्व्हच सापडतात.

बॉडीला कापडात गुंडाळलेला छोटा चुंबक लावत फिरा. जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. दरवाजाखालचा सिल आणि चाकामागचा पत्रा आधी. मॅट उचलून ड्रायव्हरच्या पायाखालचा फ्लोअर अंगठ्याने दाबा.

चालवताना स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवा. कट-कट-कट आवाज म्हणजे सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा). बाहेरून त्याचा रबरी बूट फाटलेला दिसला आणि आवाज नसेल तर नशीब समजा, बूट आणि ग्रीस एवढ्यात भागेल.

पण तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: या वापराला नवी, टर्बो नसलेली पेट्रोल. मारुतीची के-सीरीज, ह्युंदाईचं १.२ कापा, होंडाचं १.२ आय-व्हीटेक यांत अजून साधं पोर्ट इंजेक्शनच आहे. बीएस-६ मुळे यांच्यात वाढलं ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम, सेन्सरांची नजर आणि थोडं प्रोग्रामिंग. डिझेलसारखी रासायनिक प्रयोगशाळा मागे जोडलेली नाही. फक्त पेट्रोल भरताना नोझलने कट मारला की थांबा. "राउंड फिगर करू का?" ला नाही म्हणा. गळ्यापर्यंत भरलं की वाफेऐवजी पेट्रोलच चारकोल कॅनिस्टरमध्ये जातं, मग टाकी भरल्यावर लगेच गाडी चालू होताना नाटकं करते.

---

पत्रा_जाड

नवी घ्या नवी घ्या चाललंय, पण अ‍ॅम्बेसेडरचा पत्रा आणि आताच्या गाडीचा पत्रा दाबून बघा एकदा. आताच्या बॉनेटवर कोपर टेकवलं तरी पोचा पडतो. ठोकर बसली तर कोण वाचेल ते सांगा.

---

क्रम्पल_झोन

नव्या गाडीतला माणूस वाचेल. विषय संपला असता, पण नीट लिहितो, कारण हा गैरसमज जीवघेणा आहे.

पत्र्याची जाडी आणि माणसाची सुरक्षितता यांचा थेट संबंध नाही. धडकेतली ऊर्जा कुठेतरी जायला हवी. नव्या गाडीचा पुढचा भाग ठरवून चुरगळतो, गाडी थांबायला काही मिलिसेकंद जास्त मिळतात, आणि माणूस बसतो तो पिंजरा उच्च ताणशक्तीच्या पोलादाचा असतो. बॉनेट मुद्दाम मऊ ठेवतात, पादचाऱ्याचं डोकं आपटलं तर म्हणून. तो 'पोचा' दोष नाही. जुन्या गाडीत पुढचा भाग चुरगळत नाही, धक्का तसाच आत येतो, आणि न दुमडणारा स्टिअरिंगचा दांडा छातीकडे.

पण "नवी म्हणजे सुरक्षित" हेही सरसकट खरं नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या धडक-चाचणी करणाऱ्या संस्थेने अल्टो ८००, नॅनो, फिगो, आय१० आणि पोलो यांची एअरबॅग नसलेली मॉडेलं आदळली, पाचही शून्य स्टार. तेव्हा त्या नव्याकोऱ्या गाड्या होत्या. डिसेंबर २०१८ मध्ये नेक्सॉनला पाच स्टार मिळाले. एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची धडक-चाचणी, भारत एनकॅप. म्हणजे दुसऱ्या पिढीतली गाडी घेताना वर्ष बघण्यापेक्षा त्या *व्हेरियंटला* एअरबॅग आणि एबीएस आहे का ते बघा. त्या काळात एकाच मॉडेलच्या बेसला दोन्ही नसायचं आणि टॉपला दोन्ही असायचं. जुन्या बाजारात दोघांच्या किमतीत फरकही फार राहत नाही. तिथे टॉप शोधा.

ज्यांना पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडर चालवायचीच आहे त्यांनी निदान तीन बिंदूंचे बेल्ट नीट बसवा. बोल्ट ७/१६ इंच, इंचाला २० आट्यांचा यूएनएफ (बारीक आट्यांचा), तोच जगभर वापरतात. पत्र्याच्या खालून किमान तीन मिमी जाडीची, तळहाताएवढी, कोपरे गोल केलेली पोलादी पट्टी. नुसता वॉशर लावला तर धडकेत बोल्ट पत्रा फाडून वर येतो. गंजलेल्या फ्लोअरवर बेल्ट बसवणं म्हणजे मनाचं समाधान.

आणि घाटात चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीने उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ड्रम तापून फुगला की लायनर त्याच्यापासून लांब जातो, पॅडल खाली जातं आणि ब्रेक लागत नाही. पंप मारून ते पुरतं सुधारत नाही, थंड व्हायला वेळच द्यावा लागतो.

---

पत्रा_जाड

बॉनेटचं पटलं. दांड्याचं माहीत होतं. बाकी वादासाठी वाद घालत नाही.

---

ओबीडी_काका

नव्या गाडीत "काय बिघडलंय ते कळत नाही" ही तक्रार नेहमीची. कळतं, पण कोड वाचून थांबलं तर नाही कळत. कोड म्हणजे तक्रार, निदान नव्हे.

उदाहरण एकच घेतो, सगळ्यात जास्त येणारं. चेक इंजिन दिवा, कोड पी०१७१, मिश्रण लीन. गॅरेजमध्ये उत्तर ठरलेलं: "ऑक्सिजन सेन्सर गेला." सेन्सर बदलतात, दिवा विझवतात, आठवड्याने परत लागतो. सेन्सर बिचारा खरं बोलत असतो.

करायचं असं. गाडीच्या ओबीडी (बिघाड वाचायच्या) सॉकेटला लावायचा ईएलएम ३२७ चा ब्लूटूथ डोंगल आणि मोबाइलवर अ‍ॅप. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद. लाँग टर्म आणि शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो किंवा कमी करतो) हे दोन आकडे उघडा आणि त्यांची बेरीज बघा. आयडलला नोंद घ्या, मग अडीच हजार आरपीएमवर अर्धा मिनिट धरून परत नोंद घ्या.

आयडलला अधिक वीस, आणि अडीच हजारांवर अधिक पाच? कुठूनतरी चोरून हवा येते आहे. आयडलला एकूण हवाच कमी असते म्हणून गळतीचा परिणाम तिथे मोठा दिसतो. पीसीव्हीचा (इंजिनाच्या पोटातली वाफ परत इनटेकमध्ये नेणारा) पाइप, ब्रेक बूस्टरचा पाइप, इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, इंजेक्टरच्या ओ-रिंग या क्रमाने बघा. इंजिन थंड असताना एकेका जोडावर कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारायचा. आरपीएम हललं की सापडलं. ते पेट घेतं, म्हणून गरम मॅनिफोल्डवर अजिबात नको.

उलटं, आयडलला ठीक आणि आरपीएमसोबत आकडा चढतो? पेट्रोल पुरत नाही. फिल्टर, टाकीतला पंप, किंवा घाण झालेला एमएएफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर). एमएएफची तार फक्त एमएएफ क्लीनरने, बोट किंवा कापूस न लावता.

आता ई-२० शी याचा संबंध. दुसऱ्या पिढीच्या गाड्या जास्तीचं पेट्रोल स्वतःच घालतात, ट्रिम सात-आठ टक्के वर जाऊन बसते. एवढ्याने दिवा लागत नाही. पण त्यातल्या एखाद्या गाडीत पीसीव्हीची छोटी गळती आधीपासून असेल, जी पूर्वी दहा-बारा टक्क्यांत खपून जायची, तर दोन्ही मिळून ईसीयूच्या मर्यादेला टेकतात आणि दिवा लागतो. मालक पेट्रोलपंपाला शिव्या घालतो. पाइपला चीर आहे, ती शोधा.

थ्रॉटल बॉडीबद्दल एक. केबलवाल्या जुन्या एमपीएफआयमध्ये फुलपाखरू (हवेची झडप) हाताने उघडून खुशाल साफ करा. केबल नसेल तर बोटाने ढकलू नका, आतले प्लास्टिकचे दाते तुटतात. चावी ऑन करून दुसऱ्याला अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगा, फडक्यावर क्लीनर घेऊन कडा पुसा, आत फवारा नको. नंतर ईसीयूला आयडल पुन्हा शिकवावं (रिलर्न) लागतं, ते मॉडेलप्रमाणे वेगळं.

---

आरटीओ_फेरी

खर्चाच्या गणितात एक गोष्ट सगळे विसरतात. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. एप्रिल २०२२ पासून कारची फी पाच हजार झाली. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस वर्षांवरच्या कारला दहा हजार. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर, फिटनेससाठी गाडी समक्ष नेणं, पीयूसी आणि एचएसआरपी (हाय-सिक्युरिटी) नंबरपाट्या. दिल्लीचा जुन्या गाड्यांवरच्या बंदीचा दहा-पंधरा वर्षांचा नियम महाराष्ट्रात नाही, फॉरवर्डवर विश्वास ठेवू नका.

पीयूसीला कार्ब्युरेटरवाल्यांसाठी मर्यादा सैल आहे: बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल कारला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्के आणि एचसी (न जळलेलं इंधन) १५०० पीपीएम. बीएस-४ ला तेच ०.३ टक्के आणि २००. म्हणजे जुनी गाडी पीयूसीत नापास होत असेल तर ती खरंच वाईट ट्यून झाली आहे. केंद्रात जाण्याआधी एअर फिल्टर बदला, दहा किलोमीटर चालवून थेट रांगेत लावा, थंड इंजिनाने जाऊ नका.

पन्नास वर्षं झालेल्या मूळ स्वरूपातल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळते, नंबरमध्ये 'व्हीए' येतं. नवीन नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच. रोज चालवायची असेल तर साधं नूतनीकरणच करा.

---

रत्नांग्रीचा_गंज

मृण्मयी कोकणात गाडी आणणार म्हणून लिहितो. इथे गाडी इंजिनाने मरत नाही, तळाने मरते. जुन्या-नव्यात खरा फरक इथे आहे आणि तो नव्यांच्या बाजूने आहे. गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणि बुडवून लावलेला प्रायमर यामुळे नव्या गाड्या खारी हवा बऱ्याच सोसतात. जुन्या ८०० ची फ्लोअर आणि पुढच्या शॉकअपच्या वरची वाटी आधी जाते. वाटीभोवतीचा पत्रा फुगलेला दिसला तर गाडी घेऊ नका. डेंटिंगवाला पट्टी मारून देईल, पण स्ट्रटचा सगळा भार त्या पट्टीवर येतो.

पावसाळ्यानंतर दोन कामं. दरवाजांच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोकं तारेने मोकळी करा. वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा काढा. तिथलं पाणी तुंबलं की एसीच्या ब्लोअरमधून आत, मॅटखाली येतं. जुन्या गाडीत त्याने फ्लोअर गंजतो. नव्या गाडीत सीटखाली किंवा किक पॅनलमागे वायरिंगचे जोड आणि मॉड्यूल असतात, त्यांना हिरवा गंज चढतो, आणि मग एअरबॅगचा दिवा, लॉक, काचा सगळं भुतासारखं आपोआप.

अंडरबॉडी कोटिंग गंजावर मारू नका. आत ओल कोंडते आणि गंज झाकून वाढतो. आधी वायर ब्रश, मग रस्ट कन्व्हर्टर, मग प्रायमर, आणि सगळ्यात शेवटी कोटिंग.

---

चोक_ओढा

गंजवाल्यांच्या मुद्द्याला जोडून, जुन्या गाड्यांचे दिवे. सात इंची गोल दिवे मंद म्हणून लोक शंभर वॅटचे बल्ब लावतात आणि स्विच जाळून घेतात. दोष बल्बचा नसतो. मूळ वायरिंगमध्ये दिव्यांचा पूर्ण करंट डॅशबोर्डच्या स्विचमधून जातो. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा, मग दिवा लावून बल्बच्या कनेक्टरवर मोजा. दीड-दोन व्होल्टचा फरक सर्रास मिळतो. हाय बीम आणि लो बीमला एकेक तीस अँपिअरचा रिले, बॅटरीपासून फ्यूजसकट अडीच चौरस मिमीची वायर, आणि दिव्याची अर्थिंगची वायर नवी. साधा ६०/५५ चा बल्बच मग डोळे दिपवतो.

---

मृण्मयी_पुणे

सगळ्यांचे आभार. नवी टर्बो नसलेली पेट्रोल ठरतेय. पण बघितलेल्या गाडीत स्टार्ट-स्टॉप आहे. वर्षाला पाच-सहा हजारच चालणार, म्हणजे बरेच दिवस उभी. बॅटरीचं काय?

---

ओबीडी_काका

स्टार्ट-स्टॉपची बॅटरी साधी नसते, ईएफबी किंवा एजीएम (सततचा सेल्फ सोसणाऱ्या प्रकारची) असते. बदलताना त्याच प्रकारची घ्या. स्वस्तातली साधी बॅटरी बसते, पण सतत सेल्फच्या माराने लवकर मरते. चार किलोमीटरच्या फेरीत ती पुरती चार्ज होत नाही, म्हणून शहरात बटण दाबून स्टार्ट-स्टॉप बंद ठेवा. चावी काढली की ते परत चालू होतं, दर वेळी दाबावं लागेल.

दोन-तीन आठवडे उभी राहणार असेल तर चार-पाच अँपिअरचा स्मार्ट चार्जर रात्रभर. धन क्लिप बॅटरीच्या धनला, ऋण क्लिप बॅटरीच्या ऋण टर्मिनलला *नको*, इंजिनाच्या किंवा बॉडीच्या उघड्या धातूला. ऋण टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो, त्याला वळसा घातला तर गाडीला चार्जिंग झाल्याचं कळतच नाही. जंप स्टार्टलाही हेच.

आणि चार्जर नसेल तर नुसतं चालू करून पाच मिनिटं उभ्या जागी फिरवू नका. सेल्फने खाल्लेलंही भरून निघत नाही, वर सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. अर्धा-पाऊण तास चालवून आणा, दिवे आणि एसी बंद ठेवून.